पूल हीटिंगमध्ये नवीन येणाऱ्यांसाठी: पाटीवरचे किलोवॅट आधी ओळखा

आयटीआय करून, एसीची किंवा प्लंबिंगची कामं करून तुम्ही स्विमिंग पूलच्या हीटिंगकडे वळत असाल, तर पंप, फिल्टर, स्किमर, एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) हे तुम्हाला सांगायला नको. आधी पंप, मग फिल्टर, मग हीटर, आणि क्लोरिनचा डोस हीटरच्याही पुढे, हा क्रमही ठाऊक असेल. या सगळ्याची नावं आठवडाभरात तोंडात बसतात. मी अडकलो ते नावांच्या पुढे लिहिलेल्या आकड्यांत, आणि नवीन पोरं आजही तिथेच अडकताना दिसतात. म्हणून त्याबद्दल जरा जास्तच लिहितो.

पूल तापवणाऱ्या हीट पंपाच्या (हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणाऱ्या मशीनच्या) पाटीवर दोन वेगवेगळे किलोवॅट असतात. एक ‘पॉवर इनपुट’, दुसरा ‘हीटिंग कपॅसिटी’. समजा इनपुट ५ आणि कपॅसिटी २५ आहे. म्हणजे मीटरमधून ५ किलोवॅट वीज जाते आणि पाण्याला २५ किलोवॅट उष्णता मिळते. मधले २० किलोवॅट बाहेरच्या हवेतून ओढलेले असतात. २५ भागिले ५, म्हणजे सीओपी (विजेच्या किती पट उष्णता मिळते तो आकडा) ५. पूल किती वेळात तापेल हे काढायचं ते कपॅसिटीवरून. महावितरणकडे भार मागायचा तो इनपुटच्या बाजूने, आणि केबल व एमसीबी निवडायची ती पाटीवरच्या कमाल करंटवरून. यात अदलाबदल झाली की ग्राहक एक तर पाचपट मोठं मशीन विकत घेतो, नाही तर २५ किलोवॅटच्या बिलाला घाबरून कामच सोडून देतो.

त्यात एककांचा गोंधळ आहेच. कुणी बीटीयूत बोलतो, बॉयलरवाला किलोकॅलरीत, एसीवाला टनात. १ किलोवॅट म्हणजे तासाला ३४१२ बीटीयू किंवा ८६० किलोकॅलरी, आणि १ टन म्हणजे ३.५ किलोवॅट. आपलं २५ किलोवॅटचं मशीन म्हणजे सुमारे ८५,३०० बीटीयू, २१,५०० किलोकॅलरी, ७ टन. दुकानदार ‘एवढ्या एचपीचा’ म्हणाला तर तो कॉम्प्रेसरच्या मोटरबद्दल बोलतोय, उष्णतेबद्दल नाही. आणि सोलरवाल्यांचे लिटर-पर-डे हे आंघोळीच्या गरम पाण्याचं माप आहे. त्यावरून पूलचा हिशोब करायला कधीही बसू नका.

इथपर्यंत बरेच जण येतात. खरा सापळा याच्या पुढे आहे. ते २५ किलोवॅट कुठल्या हवेत मोजले? कॅटलॉगच्या पहिल्या ओळीत बहुधा हवा २६-२७ अंश, पाणीही तेवढंच आणि आर्द्रता ८० टक्के असते. खाली बारीक अक्षरात दुसरी ओळ असते: हवा १५ अंश, पाणी २६, आर्द्रता ७० टक्के. तिथे कपॅसिटीही उतरते आणि सीओपीही. हवा गार झाली की इव्हॅपोरेटरमधला (हवेतून उष्णता घेणाऱ्या कॉइलमधला) दाब उतरतो, कॉम्प्रेसर फेरीला कमी गॅस ओढतो, म्हणून उष्णताही कमी येते. मशीन बिघडलेलं नसतं. कोल्हापुरात डिसेंबरच्या पहाटे पारा १५ च्या आसपास येतो आणि पन्हाळ्यावर त्याहून गारठा असतो. ग्राहकाला पूल गरम हवा असतो तो नेमका तेव्हाच. त्यामुळे तुमच्या कामाची ओळ दुसरी आहे, पहिली नाही.

हे हिशोबात बघा. १ घनमीटर पाणी १ अंशाने तापवायला १.१६ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल पूल ९० घनमीटरचा, म्हणजे अंशाला साधारण १०५ युनिट. २२ वरून २८ वर न्यायचं तर ६३० युनिट. २५ किलोवॅटने २५ तास. दुसऱ्या ओळीत समजा १८ किलोवॅट असतील, तर ३५ तास. आणि यात पाण्यावरून उडून जाणारी उष्णता धरलेलीच नाही. उघड्या पूलची सुमारे ७० टक्के उष्णता बाष्पीभवनातच जाते. एक लिटर पाणी वाफ होऊन गेलं की जवळजवळ पाऊण युनिट गेलं. पन्हाळ्याच्या वाऱ्यात तर विचारूच नका. म्हणून कोटेशनमध्ये मशीनआधी कव्हर लिहा. कव्हर नको म्हणणाऱ्या ग्राहकाला वेळेचा शब्द देऊ नका.

सेट पॉइंट, म्हणजे मशीनवर लावायचं तापमान, हाही वापर बघून ठरतो. शर्यतीच्या पूलला २५ ते २८ अंश हा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि जलतरणपटू वीरधवल खाडेंच्या या कोल्हापुरात तसा सराव करणारी मुलं आहेत. लहान पोरांच्या शिकवणीला मात्र ३० च्या आसपास हवं. या दोन अंशांचे पैसे ग्राहकाला आधीच सांगा.

आता घाबरू नका, कारण पुढचं सोपं आहे. एसीतून आलेल्यांची एक अडचण होते: बाहेरच्या पंख्याच्या कॉइलला कंडेन्सर म्हणायची सवय. इथे ती कॉइल इव्हॅपोरेटर असते. कंडेन्सर म्हणजे ज्यातून पूलचं पाणी जातं तो टायटॅनियमचा हीट एक्स्चेंजर. हे एकदा डोक्यात पक्कं झालं की एरर कोडही कळायला लागतात. पावसाळ्यात मशीनखालून पाणी ठिबकतं, ते बहुतेक वेळा हवेतलंच असतं. टेस्ट किटने क्लोरिन बघा. पूलच्या पाण्यात क्लोरिन आहे आणि या थेंबात नाही, तर गळती नाही.

ग्राहक रिटर्न इनलेटला (तापलेलं पाणी पूलमध्ये परत येतं त्या तोंडाला) हात लावून ‘गरमच येत नाही’ म्हणेल. त्याला बंबासारखं कढत पाणी अपेक्षित असतं. २५ किलोवॅटचं मशीन आणि तासाला १० घनमीटर फ्लो असेल तर आत-बाहेरचा फरक २ अंशांच्या थोडा वरच येतो. हाताला तो कळत नाही. दोन्ही थर्मोमीटर दाखवा आणि शांत राहा. फ्लो कमी करून फरक वाढवून दाखवू नका, त्याने पाण्यात जास्त उष्णता जात नाही.

शिकवणाऱ्यांबद्दल माझं स्पष्ट मत आहे. ‘एवढ्या पूलला एवढ्या टनाचं बसव’ एवढंच सांगणारा वस्ताद कितीही जुना असो, त्याच्याकडे फार दिवस थांबू नका. जो कागद पुढ्यात घेऊन हिशोब करायला लावतो, त्याच्या हाताखाली कमी पगारातही राहा. आणि फ्लो स्विच (पाणी वाहत नसेल तर हीटर बंद करणारा) ‘डायरेक्ट’ करून, म्हणजे वायर जोडून टाळून, मशीन चालू करायला जो शिकवतो, त्याचं त्या एका बाबतीत अजिबात ऐकू नका. फ्लो स्विच सारखा ट्रिप होतोय म्हणजे फिल्टर बॅकवॉशला (उलट्या पाण्याने धुवायला) आलाय, पंपात हवा आहे किंवा बायपास (हीटरला वळसा घालणारा पाइप) जास्त उघडा राहिलाय. ते शोधायला थोडा वेळ जातो, तो जाऊ द्या. एलिमेंटच्या हीटरमध्ये (विजेने थेट तापवणाऱ्या) पाणी थांबलं आणि स्विच डायरेक्ट असला, तर एलिमेंट जळतं, पाइप वितळतो.

स्पामध्ये (गरम पाण्यात बसायच्या छोट्या टाक्यात) तर ही शिस्त दुप्पट पाळा. पाणी दीड घनमीटर, तापमान मात्र ३८ ते ४० अंश, आणि ४० च्या वर कधीच नाही. २५ वरून ४० ला न्यायला २६ युनिट, म्हणजे ६ किलोवॅटच्या एलिमेंटला साडेचार तास. थर्मोस्टॅट रोजचं तापमान सांभाळतो. हाय लिमिट हा वेगळा, थर्मोस्टॅट अडकला तर हीटर तोडणारा. हाताने रीसेट करावा लागणारा असेल तर कारण सापडल्याशिवाय ते बटण दाबायचं नाही. एमसीबी वायर वाचवते, माणसासाठी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लागते. अर्थिंग तपासा, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून ती पडते का बघा, आणि मगच कुणाला पाण्यात उतरू द्या.