वाचनालयाची खिडकी कधी उघडायची

आमचं वाचनालय कोकणात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. जांभ्याच्या जाड भिंती, वर मंगलोरी कौलं. तिथे मी चोवीस वर्षं ग्रंथपाल आहे. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. पुस्तकं गारव्याने टिकत नाहीत, हवेतला दमटपणा आटोक्यात राहिला तर टिकतात. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली आणि काही दिवस तिथेच राहिली की बुरशी धरते. ती ४५ ते ६० च्या दरम्यान ठेवायची आणि तीही खालीवर फार होऊ द्यायची नाही.

पहिली खरेदी आर्द्रतामापकाची. दोन घ्या. एक पुस्तकांच्या खोलीत ठेवा, दुसरा ओसरीवर सावलीत. स्वस्तातला असेल तर आधी पारखून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घालून दोन-चार थेंब पाण्याने ओलं करायचं. पाणी वर तरंगता कामा नये. ते झाकण आणि मापक घट्ट झाकणाच्या डब्यात एक दिवस ठेवायचे. आकडा ७५ दिसला पाहिजे. ७० दाखवत असेल तर ‘५ मिळवा’ असं मापकावरच चिकटवून ठेवा.

आता खिडक्या. ‘हवा खेळती ठेवा’ हा सल्ला सगळे देतात, पण कोणती हवा ते कोणी सांगत नाही. जुलैमधली बाहेरची हवा समजा ३० अंश आणि ८० टक्के आहे. तीच हवा २६ अंशाच्या खोलीत शिरली की १०० टक्क्यांना पोचते, म्हणजे गार भिंतीवर आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यावर दव बसायची वेळ येते. याउलट जानेवारीत सकाळी बाहेर १८ अंश आणि तेच ८० टक्के. आकडा बघून खिडकी उघडायचा धीर होत नाही. पण ही हवा आत येऊन २६ अंशांपर्यंत तापली की जेमतेम ५० टक्के उरते! म्हणून नुसते टक्के ताडून पाहू नका, तापमानही बघा. आम्ही हिवाळ्यात सकाळी मतलई वारे वाहतात तेव्हा झिलमिल्या उघडतो आणि दुपारी खारे वारे सुरू झाले की मिटतो. जून ते सप्टेंबर त्या खोलीच्या खिडक्या बंदच असतात.

याच कारणाने एसीबद्दल कळकळीने सांगते. आमच्या दुर्मीळ ग्रंथांच्या खोलीत एकाने एसी बसवून दिला. दहा ते पाच चालू, रात्री बंद. तिसऱ्या आठवड्यात कापडी बांधणीच्या पुस्तकांच्या पाठीवर राखाडी लव दिसली. बोट लावलं तर भुकटी बोटाला आली, कुबट वास नाकात बसला. दिवसभर गार झालेल्या पुस्तकांवर संध्याकाळनंतर दमट हवा येऊन बसत होती. एसी लावायचाच तर चोवीस तास चालवायची ऐपत हवी. ती नसेल तर हवेतलं पाणी ओढणारं यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर घ्या. दार बंद ठेवून, ५५ वर लावून, पावसाळाभर चालू ठेवा. आमच्या एका खोलीतून भर पावसात दिवसाला बादलीभर पाणी निघतं. टाकी भरली की ते बंद पडतं, म्हणून नळी थेट मोरीत सोडा.

पण यंत्राच्या आधी इमारत. मे महिन्यात शाकारणी, पन्हळीतला पाचोळा काढणं, पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब नेणं, एवढं केलं तरी निम्मं काम होतं. जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट लावू नका, माझी हात जोडून विनंती आहे. चुन्याची भिंत ओल पिते तशी सोडतेही. सिमेंटने ती ओल आत कोंडते आणि भलतीकडे फुटते.

कपाटं बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. खालचा कप्पा रिकामा ठेवा. पुस्तकं कोंबू नका, एक सहज निघेल इतकी ढिली हवीत. पोथ्या असतील तर लाकडी फळ्या आणि सुती बासनं उत्तम. वेखंडाच्या पुरचुंड्या आम्हीही ठेवतो, पण त्या किडीसाठी. वेखंड काय, कापूर काय, डांबरगोळ्या काय, दमटपणा त्यांनी तसूभरही कमी होत नाही.

नागपूर-अकोल्याकडच्या मंडळींचं दुखणं वेगळं. तिथे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी होते की सरस आणि चामडं तडकतं. त्यांनी कूलरचा झोत मात्र पुस्तकांच्या खोलीत सोडू नये. दुपारी दारं-खिडक्या मिटून, पडदे ओढून ठेवावेत.

आणि बुरशी धरलीच तर? ते पुस्तक लगेच बाजूला काढा, पण कडक उन्हात टाकू नका. कागद पिवळा पडतो, पुठ्ठे वाकतात. सावलीत, कोरड्या वाऱ्यावर उभं उघडून वाळू द्या. ओली बुरशी पुसली तर ती पसरते. पूर्ण वाळल्यावर तोंडाला चांगला मास्क बांधून, इमारतीच्या बाहेर, मऊ ब्रशने पाठीकडून कडेकडे झाडा. कपाट स्पिरिटच्या फडक्याने पुसा, खोलीतला आकडा ६० च्या खाली येऊन आठवडाभर तिथे टिकू द्या आणि मगच पुस्तक जागेवर ठेवा.