काबुकी नटांची ठसाचित्रं: साल कसं काढायचं, नट कसा ओळखायचा

काबुकी हा जपानी नाट्यप्रकार, त्यातल्या नटांची चित्रं लाकडी ठशांनी छापत. त्यांचं साल काढताना चित्रकाराच्या सहीपासून सुरुवात करू नका. पहिला तोयोकुनी हा चित्रकार १८२५ मध्ये वारला. त्याचा शिष्य कुनिसादा १८४४ पासून तेच नाव लावू लागला आणि स्वतःला 'दुसरा' म्हणवू लागला. खरा दुसरा मधे होऊन गेला होता, त्याला याने खुशाल वगळलं. आज कुनिसादा तिसरा धरतात.

आधी परवानगीचे शिक्के शोधा. एकटा गोल 'किवामे' ('तपासलं' अशा अर्थाचा शिक्का) असेल तर १७९१ ते १८४२. तपासनिसाच्या नावाचा एकच शिक्का: १८४३ ते १८४७. दोन नावं: १८४७ ते १८५२. १८५२ मध्ये त्यांच्या जोडीला तारखेचा शिक्का आला, त्यात वर्ष सांगणाऱ्या बारा प्राण्यांपैकी एक आणि चांद्र महिन्याचा आकडा. पहिल्या महिन्याला आकड्याऐवजी 'शो' हे अक्षर असतं. १८५३ च्या अखेरीस नावं गेली, 'आरातामे' (हेही 'तपासलं' याच अर्थाचं) आलं. १८५९ ते १८७१ आरातामे आणि तारीख एकाच गोलात. प्राणी बारा वर्षांनी परततो, म्हणून नुसता प्राणी वाचू नका: दोन नावांसोबत उंदीर म्हणजे १८५२, आरातामेच्याच गोलात उंदीर म्हणजे १८६४.

मग बाहीवरचं कुलचिन्ह बघा. एकात एक तीन चौकोन म्हणजे इचिकावा दानजुरो या नटाचं घराणं. पण पिढी सालावरूनच ठरते: सातव्याकडे हे नाव १८०० ते १८३२, आठव्याकडे १८५४ मधल्या त्याच्या मृत्यूपर्यंत, नवव्याला थेट १८७४ मध्ये मिळालं. १८४२ मध्ये नटांच्या चित्रांवर बंदी आली. पुढे ती चित्रं पुन्हा निघू लागली तरी बरीच वर्षं नटाचं नाव छापत नसत. तिथे चेहराच उपयोगी पडतो. आधीच्या चित्रांतही तो बघावाच. पाचवा कोशिरो या नटाचं दणदणीत नाक कुठल्याही वेशात लपत नाही.

शिक्का चित्राचं साल सांगतो, हातातल्या कागदाचं नाही. पुनर्मुद्रणात शिक्केही जसेच्या तसे कोरतात. १० पट भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर ती यंत्रावरची छपाई. हाताने छापलेल्या कागदाच्या पाठीवर रंग झिरपलेला आणि घासणीचे (कागद ठशावर दाबायच्या गोल चकतीचे) वळसे दिसतात, पण हाताने छापलेली पुनर्मुद्रणंही असतात. शाराकू या चित्रकाराच्या बाबतीत तर संशयानेच सुरुवात करा: १७९४-९५ मधले जेमतेम दहा महिने त्याने काम केलं, आणि त्याच्या नकला उदंड आहेत. त्या काळचा दिवसफुलांचा निळा रंग उजेडाने आणि ओलीने उडतो. तो ताजा टवटवीत असेल तर कागद पुन्हा तपासा.