मुलांना फुटबॉल करून दाखवताना या चुका टाळा

भात कापून झालं की गोव्यात फोंड्यापासून पेडण्यापर्यंत मोकळ्या शेतांत पोरांचा फुटबॉल सुरू होतो. एखादा दादा नाहीतर शाळेतले सर शिकवायला उभे राहतात. त्यांची तळमळ खरी असते. पण लहान मुलं ऐकून कमी आणि बघून जास्त शिकतात, म्हणून दाखवण्यात झालेली चूक थेट त्यांच्या पायात उतरते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दाखवता दाखवता बोलत राहणं. “घोटा घट्ट, मान खाली, हा पाय इथं, आता मार!” एवढं ऐकेपर्यंत पास मारूनही झालेला असतो. त्यापेक्षा आधी एकच वाक्य सांगा, “माझा टेकवलेला पाय कुठं आहे तेवढंच बघा.” मग गप्प राहून दोन-तीनदा पास मारा: एकदा खेळातल्या वेगानं, एकदा सावकाश, पुन्हा वेगानं. नुसतं सावकाश दाखवलं तर मुलं तीच संथ लय उचलतात. दाखवून झालं की लगेच बॉल त्यांच्या पायात द्या.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी बघून शिकण्यातल्या चार गोष्टी सांगितल्या आहेत: लक्ष जाणं, लक्षात राहणं, शरीराला जमणं आणि करावंसं वाटणं. मूल अडलं की पुन्हा तेच दाखवण्याआधी यातलं काय राहिलं ते शोधा. “तू काय बघितलंस?” एवढं विचारलं तरी बरंच कळतं.

मुलांकडे तोंड करून दाखवलं की डावं-उजवं उलटं होतं. पास बाजूनं दाखवा, मग पाठमोरे होऊन. संध्याकाळी ऊन मुलांच्या डोळ्यांवर नको, पाठीवर असू दे. डाव्या पायानं खेळणाऱ्या मुलाला डाव्या पायानंच दाखवा. तुम्हाला जमत नसेल तर तसा खेळणारा दुसरा मुलगा पुढे बोलवा.

बॉल सारखा वर उडतोय? टेकवलेला पाय बहुधा बॉलच्या मागे राहतोय आणि अंग मागे कलतंय. पाय बॉलच्या बाजूला आणायला सांगा. बॉल भलतीकडे जातोय? त्याच पायाचा अंगठा कुठं वळलाय ते बघा, आणि मारणाऱ्या पायाचा घोटा सैल आहे का तेही. सात-आठ वर्षांच्या मुलाला पाच नंबरचा, म्हणजे ६८ ते ७० सेंटीमीटर घेराचा बॉल दिला, तर तुमची नक्कल त्याला जमणार कशी? त्याला तीन नंबरचा द्या.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका: चुकलेल्या मुलाची सगळ्यांसमोर नक्कल. पोरं हसतात, ते मूल आक्रसतं आणि चुकीची हालचालच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहते. त्याऐवजी नुकतंच जमू लागलेल्या त्याच्याच वयाच्या मुलाला पुढे बोलावून दाखवायला सांगा. पास अगदी नेटका नसला तरी चालेल.