हसताना हिरड्या जास्त दिसतात? सर्जरी ठरवायच्या आधी हे मोजून बघा

माझ्या धाकट्या बहिणीने 3 वर्षांपूर्वी लेझरने हिरड्या कमी करून घेतल्या. अर्ध्या तासात काम झालं, रक्त नाही टाके नाहीत, सगळे खुश. आणि 6 महिन्यात हिरड्या होत्या तिथे परत आल्या. एक्सरे काढला नव्हता, हाड कुठपर्यंत आहे ते कुणी बघितलंच नव्हतं. पैसे गेले त्यापेक्षा तिचा उतरलेला चेहरा मला जास्त लागला, म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतेय.

कुठली सर्जरी चांगली हा प्रश्न नंतरचा, आधी आपल्या हिरड्या का दिसतात ते शोधायचं. हसताना 1-2 मिमी हिरडी दिसणं नॉर्मल आहे, साधारण 3 मिमीच्या वर गेलं की त्याला गमी स्माईल म्हणतात.

घरी प्लास्टिकची पट्टी घ्या आणि मोजायला दुसऱ्या कुणाला तरी बसवा. पहिलं माप, समोरच्या वरच्या दाताची उंची. ती साधारण 10-11 मिमी असते, 8 च्या आसपास भरत असेल आणि दात चौकोनी, छोटे वाटत असतील (आणि झिजलेले नसतील) तर दात लहान नसून हिरडीखाली झाकलेले असायची शक्यता मोठी. दुसरं, ओठ सैल सोडून नाकाच्या खालपासून वरच्या ओठाच्या कडेपर्यंतचं अंतर, बायकांमध्ये 20-22 आणि पुरुषांमध्ये 22-24 मिमीच्या आसपास असतं, बरंच कमी असेल तर ओठच आखूड आहे. तिसरं, मोकळं हसल्यावर ओठ किती वर सरकतो, 6 ते 8 मिमी ठीक, त्याहून बरंच जास्त असेल तर ओठ उचलणारे स्नायू जोरात काम करतायत. हे तिन्ही ठीक असून दाढांपर्यंत हिरडी दिसते, न हसताही दात बरेच बाहेर दिसतात आणि ओठ मिटायला जोर लावावा लागतो, तर वरचा जबडाच उभा जास्त वाढलेला असू शकतो. एकापेक्षा जास्त कारणंही एकत्र असतात, त्यामुळे ही मापं डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावीत म्हणून, निदान तेच करतील.

अजून एक, बीपीची अम्लोडिपिन किंवा फिटची फेनिटॉइन चालू असेल तर त्यानेही हिरड्या वाढू शकतात. गोळी स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

आता दात हिरडीखाली झाकलेले असतील तर. नुसती जास्तीची हिरडी कापणं म्हणजे जिंजिव्हेक्टॉमी, ब्लेडने करा नाहीतर लेझरने, नियम तोच. हिरडी हाडाच्या कडेपासून साधारण 3 मिमी अंतर राखूनच स्थिरावते. हाड दाताच्या गळ्याजवळ (दाताचा वरचा भाग आणि मूळ जिथे मिळतात तिथे) चिकटून असेल आणि तुम्ही वरची हिरडी तेवढी कापली तर शरीर ते अंतर परत भरून काढणारच, बहिणीचं नेमकं हेच झालं. अशा वेळी क्राउन लेंग्थनिंग करतात, म्हणजे हिरडी उचलून हाडाची कडा थोडी घासून वर सरकवायची आणि टाके घालायचे. तोंडात भूल देऊन होतं, टाके आठवडा-दोन आठवड्यात निघतात, थोडे दिवस थंड लागलं की दात शिवशिवतात. व्हिनिअर (दातावर चिकटवायचं पातळ आवरण) किंवा कॅप बसवायची असेल तर 3 ते 6 महिने थांबा, हिरडी स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतोच. दुसऱ्या वेळी बहिणीने हिरड्यांच्या डॉक्टरांकडे, म्हणजे पेरिओडॉन्टिस्टकडे, हेच केलं आणि ते टिकलंय.

ओठ जास्त उचलला जात असेल तर लिप रिपोझिशनिंग. ओठाच्या आतल्या बाजूच्या ओल्या अस्तराची पट्टी काढून ओठ थोडा खाली शिवतात म्हणजे तो वर खेचला जात नाही. 1973 मध्ये अर्जेंटिनाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा याबद्दल लिहिलं. छोटी सर्जरी आहे, पण काही जणांचा ओठ पुढे थोडा परत वर जातो हे आधीच विचारून घ्या, आणि जबडा खूप वाढलेला असेल तर याने भागत नाही. बोटॉक्स, म्हणजे ओठ उचलणारे स्नायू सैल करणारं इंजेक्शन, त्याचा परिणाम 3-4 महिने, फार तर 6. माझ्या मते सर्जरीआधी ओठ खाली आल्यावर कसं दिसेल ते बघायला ते चांगलं आहे.

जबडा कारण असेल तर ल फोर्ट 1. वरचा जबडा आडवा कापून मधली हाडाची पट्टी काढतात, तो वर सरकवून टायटॅनियमच्या प्लेटांनी बसवतात. पूर्ण भूल, हॉस्पिटलात राहणं, बहुतेकदा आधी वर्ष-दीड वर्ष ब्रेसेस, नंतर काही आठवडे पातळ आणि मऊ खाणं, वरचा ओठ आणि गाल काही काळ बधिर. काप तोंडातून असतो त्यामुळे बाहेर व्रण दिसत नाही. नाक थोडं रुंद होऊ शकतं, त्यासाठी टाका घालणार का ते विचारा. चेहऱ्याची वाढ पूर्ण झाल्याशिवाय हे करू नका. दात थोडेच खाली उतरले असतील तर छोट्या स्क्रूच्या आधाराने ब्रेसेसवाले डॉक्टर ते वर ढकलू शकतात, म्हणून ऑर्थोडॉन्टिस्टचं मत आधी घ्याच.

आणि हिरडी पूर्ण गायब करायचा हट्ट नको. वय वाढतं तसा वरचा ओठ आपोआप खाली येतो, आज 0 केलं तर पन्नाशीत हसताना दात पण कमी दिसतील.

खाजगी खर्च परवडत नसेल तर मुंबईत सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज, मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल, किंवा आपल्या भागातलं डेंटल कॉलेज बघा, वेळ जास्त लागतो पण हिरड्या, ब्रेसेस आणि जबडा तिन्ही विभाग एकाच ठिकाणी मिळतात.

सर्जरीनंतर पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, टाक्यांवर ब्रश नाही, डॉक्टरांनी दिलेला माऊथवॉश, कोमट मऊ भात-वरण. तंबाखू, मिश्री, सिगरेट बंद, जखम भरत नाही. आणि टाके बघायला ओठ वर ओढू नका, बहिणीला चौथ्या दिवशी आरशासमोर ओठ धरलेला पकडलं तेव्हा एक टाका सैल झालाच होता.