पाणबुडी वेळेत येणार का? तारीख स्वतः ताडून पाहण्याची रीत

ऑस्ट्रेलियाला अमेरिकेकडून अणुऊर्जेवर चालणाऱ्या, व्हर्जिनिया वर्गाच्या तीन पाणबुड्या मिळायच्या आहेत, पहिली २०३२ च्या सुमारास. मार्च २०२३ मध्ये सॅन दिएगोला ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि ब्रिटन या तीन देशांनी मिळून हे जाहीर केलं. तेव्हापासून एका आठवड्यात 'सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय' अशी बातमी येते आणि पुढच्या आठवड्यात 'यातलं काही होणार नाही' अशी. मी मुंबईतल्या एका गोदीत प्लॅनिंग विभागात नोकरी करून निवृत्त झाले. अणुभट्टीतलं मला काही कळत नाही, पण उशीर कळतो. उशिराचे तक्ते बनवण्यातच उमेदीची वर्षं गेली. बातमी वाचून तिच्यातली तारीख खरी की हवेतली, हे मी कसं ताडते ते सांगते. कागद-पेन्सिल पुरते.

आधी विचारा: कुठली तारीख?

जहाजाच्या वाट्याला समारंभ फार. पत्रा कापायचा एक, कील म्हणजे तळाचा कणा ठेवायचा एक, नामकरण, मग पाण्यात उतरवणं, सी ट्रायल, डिलिव्हरी आणि शेवटी कमिशनिंग, म्हणजे नौदलात दाखल होणं. प्रत्येकाला बँड, प्रत्येकाला फोटो, आणि पेपरात सगळ्याला एकच शब्द: 'तयार'. पुनर्विकासात घर गेलेल्या कुणालाही विचारा, भूमिपूजनाचा पेढा आणि घराचा ताबा यांत किती भाडी भरावी लागतात ते. इथेही आपल्याला हवी ती फक्त ताब्याची तारीख, म्हणजे डिलिव्हरी.

'मॅसॅच्युसेट्स' या व्हर्जिनिया पाणबुडीचं नामकरण मे २०२३ मध्ये झालं. नौदलाच्या ताब्यात ती आली नोव्हेंबर २०२५ मध्ये. मधली अडीच वर्षं ती 'तयार'च होती. आपल्या 'कलवरी'चंही तसंच. एप्रिल २०१५ मध्ये ती माझगाव डॉकमधून बाहेर काढली, तेव्हा संरक्षणमंत्री पर्रीकर हजर होते. नौदलात ती दाखल झाली १४ डिसेंबर २०१७ ला. मूळ वायदा २०१२ चा होता.

आणखी एक खूण. 'काम ९० टक्के पूर्ण' असं छापलेलं दिसलं, तर उरलेले दहा टक्के कशाचे हे शोधा. पत्रा आणि वजन लवकर मोजून होतं, म्हणून टक्के सुरुवातीला भराभर चढतात. शेवटी उरतं ते केबल जोडणं, सिस्टीम एकेक करून सुरू करणं, चाचण्या. त्याला वजन नाही, पण वेळ तेच खातं. सोमवारच्या मीटिंगमध्ये मी ९० टक्क्यांचा आकडा महिनोन् महिने जागचा न हललेला पाहिलाय.

दर काढा, तोही पाच वर्षांचा

ही या सगळ्यातली मुख्य पायरी. एखादी पाणबुडी कधी येईल हे गोदीतल्या माणसालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. गोदी वर्षाला किती बाहेर काढते, हे मात्र कुणालाही मोजता येतं.

२०२१ ते २०२५ घ्या. २०२१ मध्ये एकही व्हर्जिनिया अमेरिकी नौदलाच्या ताब्यात आली नाही. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पाठोपाठ दोन आल्या, 'ओरेगॉन' आणि 'मोंटाना'. २०२३ मध्ये एकच, 'हायमन जी. रिकोव्हर'. २०२४ मध्ये दोन, 'न्यू जर्सी' आणि 'आयोवा'. २०२५ मध्ये 'मॅसॅच्युसेट्स'. पाच वर्षांत सहा, म्हणजे वर्षाला १.२. सरकारी अहवालांतला दरही याच घरात फिरतो.

आता गंमत बघा. याच यादीतलं २०२१ वगळलं, की दर दीड होतो. नुसतं २०२४ धरलं, तर थेट दोन. राजकारण्याला जे वर्ष सोयीचं असेल ते तो उचलतो. म्हणून पाच वर्षांच्या आत दर काढायचाच नाही. जोडून येणारी वर्षं आणि कोरडी वर्षं एकमेकांत जिरायला तेवढा काळ लागतो.

पुढचा प्रश्न: लागतो किती? अमेरिकी नौदल २०११ पासून साधारण वर्षाला दोनच्या हिशेबाने ऑर्डर देत आलंय. म्हणजे दर वर्षी जवळपास पाऊण पाणबुडी मागे पडते आणि साचत जाते. त्यात ऑस्ट्रेलियाला तीन दिल्या की ती तूट भरून काढायची. दोन्ही मिळून वर्षाला २.३३ हा दर लागतो, असं नौदलच सांगतं. १.२ ते २.३३ म्हणजे दुपटीला थोडं कमी. नवी बातमी आली की ती या दोन आकड्यांच्या मधोमध ठेवून बघा. पाच वर्षांचा दर १.५ च्या पुढे सरकलेला दिसेपर्यंत कुणाच्याही भाषणाने माझा तक्ता मी बदलणार नाही.

रांगेत पुढे कोण उभं आहे?

अमेरिकेत अणुपाणबुड्या बांधणाऱ्या गोद्या दोनच. कनेक्टिकटमधल्या ग्रॉटनची इलेक्ट्रिक बोट आणि व्हर्जिनिया राज्यातली न्यूपोर्ट न्यूज. प्रत्येक पाणबुडीचे भाग दोघी मिळून बनवतात, बार्जवरून एकमेकींकडे पाठवतात, आणि शेवटची जोडणी आळीपाळीने करतात. त्यामुळे एकीकडे पुढचा भाग अडकला, की दुसरीकडे अख्खी पाणबुडी वाट पाहत बसते.

या दोघींकडे आणखी एक काम आहे आणि ते पहिल्या मानाचं: कोलंबिया वर्गाच्या बारा पाणबुड्या, अण्वस्त्रं वाहणाऱ्या. अमेरिकेने त्यांना पहिला क्रमांक दिलाय. चांगला वेल्डर, चांगला फिटर, मोकळी जागा, सगळं आधी तिकडे. तरीही एप्रिल २०२४ मध्ये नौदलाने स्वतःच सांगितलं की पहिली कोलंबिया १२ ते १६ महिने मागे आहे. न्यूपोर्ट न्यूजकडून पुढचा भाग उशिरा येत होता, आणि दुसऱ्या पुरवठादाराकडून टर्बाइन-जनरेटरही. त्याच आढाव्यात व्हर्जिनियाच्या चौथ्या टप्प्यातल्या पाणबुड्या सुमारे ३६ महिने आणि पाचव्या टप्प्यातली पहिली सुमारे २४ महिने मागे निघाली. मानाचं कामच वर्षभर रखडलं असेल, तर रांगेत मागच्याची काय गत? म्हणून व्हर्जिनियाची बातमी वाचताना कोलंबियाची आधी वाचा.

मटेरियल आणि माणसं

'पुरवठा साखळीतील अडचणी' हे वाक्य वाचून लोक पुढे जातात. त्यात काय दडलंय ते एकदा बघून घ्या.

आमच्याकडे एका जहाजाच्या पंपरूममध्ये समुद्राच्या पाण्याच्या लाइनवरचा एक व्हॉल्व्ह यायचा राहिला. कामगार बसवून ठेवता येत नाहीत, म्हणून बाकीचं पुढे चालू ठेवलं. पाइप लागले, वरून केबल ट्रे गेला, त्याच्या खालून हवेची डक्ट आली, रंगही झाला. मग व्हॉल्व्ह आला. वेळेवर आला असता तर फिटरने चहाच्या आधी बसवला असता. आता डक्ट उतरवा, केबल सोडवा, रंग खरवडा, हॉट वर्कचं परमिट काढा, शेजारी पाण्याचा होज घेऊन फायर वॉचचा माणूस उभा करा. फ्लँजच्या मागची बाजू दिसेना, तेव्हा वेल्डरने कुशीवर पडून, समोर छोटा आरसा अडकवून, त्यात बघत वेल्ड मारला. उलट दिसतं सगळं, हात डावीकडे न्यायचा तर डोळा उजवीकडे. तो वेल्ड रेडिओग्राफीत, म्हणजे एक्स-रे तपासणीत, उडाला. परत खरवडला, परत मारला. मग रंग, मग डक्ट, मग केबल, मग सगळ्याची नव्याने चाचणी.

हे साध्या जहाजाचं, जिथे निदान माणूस आत उभा राहू शकतो. पाणबुडीत प्रेशर हलचं, म्हणजे पाण्याचा दाब झेलणाऱ्या कवचाचं, जाड पोलाद आधी तापवून मगच वेल्ड करावं लागतं, आणि मोठं यंत्र हलचे तुकडे जोडायच्या आधीच आत जायला हवं. ते उशिरा आलं, की एकतर थांबा, नाहीतर जोडलेलं कापा. म्हणून बातमीत 'क्रमाबाहेरचं काम' किंवा 'रिवर्क' दिसलं, की मी लाल खूण करते. त्याचा उशीर सरळ बेरजेने वाढत नाही, पसरत जातो.

माणसांच्या आकड्यांतही एक पळवाट असते. 'यंदा हजारोंची भरती' असं छापून येतं. वर्षाअखेर त्यांतले किती टिकले, हे विचारा. कोविडच्या सुमारास जुनी माणसं मोठ्या संख्येने निवृत्त झाली आणि नवे बरेच जण वर्षभरातच सोडून जातात. आरशात बघून वेल्ड मारणारा माणूस भरतीच्या जाहिरातीने मिळत नाही, त्याला वर्षं जावी लागतात.

पैशाची बातमी त्यामानाने झटपट वाचून सोडून द्या. अमेरिकी गोद्यांची क्षमता वाढावी म्हणून ऑस्ट्रेलिया ३०० कोटी अमेरिकी डॉलर देणार आहे, ५० कोटींचा पहिला हप्ता फेब्रुवारी २०२५ मध्ये गेलाही. पैशाने क्रेन आणि शेड लवकर येते, दर हलायला वेळ लागतो.

विकणारा देईल का?

समजा गोदीतून पाणबुडी वेळेवर आली. तरी ती अमेरिकेने सोडायला हवी. अमेरिकी नौदलाला हव्यात ६६ हल्लेखोर पाणबुड्या (व्हर्जिनिया त्यांतल्याच), हाताशी पन्नासच्या आसपास, आणि त्यांतल्याही बऱ्याच दुरुस्तीच्या रांगेत. 'बॉइसी' नावाच्या पाणबुडीची गोष्ट शोधून वाचा. २०१५ मध्ये शेवटच्या मोहिमेवरून परतली, दुरुस्तीला जागा मिळेना, २०१७ मध्ये बुडी मारायची परवानगीही गेली, आणि मोठ्या दुरुस्तीचं कंत्राट निघालं २०२४ मध्ये. म्हणून ऑस्ट्रेलियाचा अंदाज बांधताना मी दुरुस्तीच्या गोद्यांच्या बातम्याही वाचते. तिथून एक पाणबुडी लवकर सुटली, की विकणाऱ्याचा हात तेवढा सैल होतो.

शिवाय कायदा आहे. डिसेंबर २०२३ च्या अमेरिकी संरक्षण कायद्याप्रमाणे, हस्तांतराच्या किमान २७० दिवस आधी राष्ट्राध्यक्षांनी लिहून द्यायचं की या विक्रीने अमेरिकेच्या समुद्राखालच्या ताकदीला धक्का बसणार नाही. २०३२ मधून २७० दिवस मागे जा. सही २०३१ मध्ये किंवा २०३२ च्या सुरुवातीला व्हावी लागेल, आणि ती करणारा माणूस नोव्हेंबर २०२८ मध्ये निवडून यायचा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अल्बनीज यांना दिलेला हिरवा कंदील म्हणूनच मी तक्त्यात पेन्सिलीने लिहिलाय.

परक्या देशाची अणुपाणबुडी घेण्यातली दगदग आपल्याला नवी नाही. रशियाच्या 'नेर्पा'चं काम १९९३ मध्ये सुरू झालं, पैशाअभावी रखडलं, पुढे भारताच्या भाडेकरारामुळे मार्गी लागलं. नोव्हेंबर २००८ च्या चाचणीत आग विझवणारा वायू सुटून २० माणसं दगावली. 'चक्र' म्हणून ती विशाखापट्टणमला दाखल झाली एप्रिल २०१२ मध्ये. तिच्यानंतरच्या पाणबुडीचा करार मार्च २०१९ मध्ये झाला, वायदा २०२५ चा होता, तोही चुकला.

घेणाऱ्याच्या घरी काय चाललंय

ऑस्ट्रेलियाकडे आज सहा कॉलिन्स पाणबुड्या आहेत, डिझेलवर चालणाऱ्या, १९९६ ते २००३ मध्ये दाखल झालेल्या. व्हर्जिनिया उशिरा आल्या तर याच ओढायच्या, म्हणून त्यांचं आयुष्य दहा वर्षांनी वाढवायचा घाट घातलाय. ते काम रखडल्याची बातमी आली, तर ती व्हर्जिनियाच्या उशिराइतकीच गंभीर धरा. दोन्ही उशीर एकाच वेळी आले की मध्ये खड्डा पडतो. ॲडलेडजवळ ऑस्बोर्नला नव्या पाणबुड्या बांधायच्या आहेत, त्यांतली पहिली २०४० च्या दशकाच्या सुरुवातीला. तिथे अजून यार्डच उभं राहतंय, तेव्हा त्या तारखेवर मी वेळ घालवत नाही.

पर्थजवळच्या एचएमएएस स्टर्लिंग तळाचं मात्र वेगळं. २०२७ पासून अमेरिकी आणि ब्रिटिश पाणबुड्या आलटून पालटून तिथे राहणार आहेत, आणि त्यासाठी एकही पाणबुडी विकत घ्यावी लागत नाही. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये 'हवाई' ही अमेरिकी पाणबुडी तिथे दुरुस्तीला आली, तेव्हा ऑस्ट्रेलियन माणसांनी प्रत्यक्ष हात लावला.

माझा भाचा पर्थला मेकॅनिकल इंजिनीअर आहे. 'मावशी, पाणबुडीच्या कामात शिरू का? पाणबुड्या आल्याच नाहीत तर?' असं त्याने फोनवर विचारलं. त्याला सांगितलं ते इथेही सांगते. जाहिरातीत 'बांधणी' लिहिलंय की 'देखभाल-दुरुस्ती', ते आधी बघ. बांधणीची नोकरी त्या १.२ च्या दराला आणि २०३१ च्या सहीला टांगलेली आहे. स्टर्लिंग तळावरची आणि पर्थजवळच्याच हेंडरसन गोदीतली दुरुस्तीची नोकरी तशी नाही, पाणबुडी कुणाचीही असो, तिचे व्हॉल्व्ह बदलावेच लागतात. पगार थोडा कमी असला तरी दुसरी घे, आणि मुलाखतीत विचार, स्पेअर पार्ट तळावरच ठेवणार की दर वेळी अमेरिकेतून मागवणार.