वीज दरवाढीच्या सुनावणीत आपलं म्हणणं कसं मांडायचं

बिल आलं की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस नुसता राडा, बिलाचे फोटो, 'लुटतायत राव', आणि तिसऱ्या दिवशी सगळं गार. पण हा दर ठरतो कुठे ते बघायला कोणी जात नाही. तो ठरतो कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगात, आणि वीज कायदा 2003 च्या कलम 64 प्रमाणे आयोगाला लोकांच्या सूचना-हरकती विचारात घ्याव्याच लागतात. वकील वगैरे काही लागत नाही.

आधी बिलावर कंपनीचं नाव बघा. हसू नका, मुंबईत बेस्ट, टाटा, अदानी आणि मुलुंड-भांडुपकडे महावितरण असे चार जण आहेत, प्रत्येकाची याचिका (म्हणजे दर वाढवून मागणारा आयोगाकडचा अर्ज) वेगळी, आणि दुसऱ्याच्याच केसमध्ये हरकत टाकणारे महाभाग असतात. मग पेपरातल्या जाहीर सूचनेवर लक्ष ठेवा, बारीक अक्षरात असते, मुदत साधारण तीन आठवडे. सध्याचा दरांचा कालखंड 2025-26 ते 2029-30 असा पाच वर्षांचा आहे, पण मधे आढावा होतो, तीच आपली पुढची संधी. याचिकेचा सारांश मराठीत पण मिळतो.

आता खरी गोष्ट. पहिल्या वेळी मी दीड पान लिहिलं होतं, सामान्य माणसाचं कंबरडं मोडलं, महागाई, मुलांच्या फिया, सगळं. कंपनीचं उत्तर दोन ओळींचं, त्यात माझ्या महागाईला कुठे जागाच नव्हती. चूक माझीच होती, कारण प्रश्न विचारलाच नव्हता तर उत्तर कसलं देणार?

दुसऱ्या वेळी सोसायटीचे सेक्रेटरी काका आणि मी थेट याचिकेतला वीज खरेदीचा तक्ता उघडला, कारण बिलात सगळ्यात जास्त पैसा तिथेच जातो. लॅपटॉपच्या स्क्रीनला फुटपट्टी लावून एकेक ओळ वाचली (काकांची सवय, स्क्रीनवर ओरखडे पडले ते वेगळं). प्रत्येक वीज केंद्रासमोर किती युनिट, स्थिर खर्च (वीज घेतली-न घेतली तरी द्यायचा) किती, इंधनाचा किती आणि शेवटी युनिटमागे किती पडले ते लिहिलेलं असतं. त्यात कोळशाच्या महाग ओळी शोधा आणि त्यांच्या बाजूला सौर-पवनच्या ओळी ठेवा.

हवामान बदलाचा मुद्दा पण इथेच येतो, वेगळा निबंध लिहू नका. केंद्राच्या नियमानुसार एकूण विजेत अपारंपरिक विजेचा वाटा 2025-26 साठी 33.01 टक्के आणि 2029-30 पर्यंत 43.33 टक्के असायला हवा. तर सरळ विचारा, गेल्या वर्षी तुमचा वाटा किती होता, कमी पडला असेल तर का, आणि त्या तुटीचा खर्च आमच्या बिलात घातला का? देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे महिन्याला 300 युनिट जाळणाऱ्या घराचा 210 किलो. आम्ही हा आकडा फक्त एका ओळीत टाकला, पुरतो.

लिहिताना एका मुद्द्याला एक परिच्छेद, त्यात याचिकेचा पान नंबर आणि तक्ता नंबर, आणि शेवटी तुम्हाला काय पाहिजे ते एका वाक्यात. 'दरवाढ रद्द करा' म्हणण्यापेक्षा 'अमुक तक्त्यातला अमुक खर्च मान्य करू नये' याला वजन असतं. नाव, पत्ता, ईमेल नीट टाका आणि सुनावणीत बोलायचंय हे स्पष्ट लिहा, नाहीतर नंबर लागायचा नाही. आयोगाच्या वेबसाईटवरून पाठवता येतं, फक्त शेवटच्या रात्री अकराला बसू नका.

सुनावणी ऑनलाइन असेल तर घरूनच बोलता येतं. वेळ दोन-चार मिनिटं धरूनच चाला, लिहिलेलं वाचून दाखवू नका, सगळ्यात वजनदार मुद्दा आधी. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था तिथे ग्राहकांच्या बाजूने बोलतात, त्यांचे मुद्दे ऐका, बरंच शिकायला मिळतं. आणि हो, 'आमचा मीटर जोरात पळतो' हे इथे काढू नका, त्यासाठी आधी कंपनीकडे तक्रार, मग ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल.

निकाल पीडीएफमध्ये येतो, शेकडो पानं. घाबरू नका, त्यात प्रत्येक हरकत, कंपनीचं उत्तर आणि आयोगाचं मत असं क्रमाने छापलेलं असतं, सर्चमध्ये आपलं नाव टाका. पटलं नाही तर विद्युत अपिलीय न्यायाधिकरणाकडे 45 दिवसांत जाता येतं, तिथेही स्वतः बोलता येतं, पण वकील घेतलेला बरा. आमच्या सोसायटीचं नाव निकालात एका काना-मात्रेच्या फरकाने चुकीचं छापलं होतं, तरी काकांनी ते पान प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावलं, मेंटेनन्स थकवणाऱ्यांच्या यादीशेजारी.