गाडी उलटी फिरली की कंट्रोलर रीसेट

माझ्या चारचाकी रोबोला दोन १८६५० लिथियम सेलचा सिरीज पॅक आहे. पूर्ण चार्ज ८.४ व्होल्ट. सरळ धावताना काही तक्रार नाही, पण झटक्यात रिव्हर्स दिला की कंट्रोलर रीसेट! मीटर मात्र साळसूदपणे ७.६ दाखवत राहायचा. साधा मीटर व्होल्टेजचा इतका क्षणिक खड्डा पकडतच नाही.

म्हणून मोटरवर तसाच ताण यावा यासाठी चाकं क्षणभर हाताने अडवून मोजलं. पॅकच्या टोकांवर ७.२, बोर्डाच्या पिनांवर जेमतेम ६.३. म्हणजे जवळजवळ एक व्होल्ट बारीक वायर आणि कनेक्टर खात होते. त्यात बोर्डावरचा ७८०५ व्होल्टेज रेग्युलेटर. त्याला ५ व्होल्ट द्यायला इनपुट साधारण ७ तरी लागतो.

मोटर ड्रायव्हरला जाड सिलिकॉन वायर टाकली. कंट्रोलरसाठी थेट पॅकपासून वेगळी जोडी ओढून बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारं मॉड्यूल) लावला, ड्रायव्हरजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. कोडमध्ये रिव्हर्सआधी क्षणभर थांबा आणि मग हळूहळू वेग. खरा फरक वायरनेच पडला, असं माझं मत.

तरीही सगळंच एकदम बंद पडत असेल, तर बीएमएसची (पॅकचं संरक्षण करणाऱ्या सर्किटची) करंट मर्यादा बघा. अडलेली मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. बीएमएस काढून टाकायचा मोह मात्र नको. लिथियम सेल शॉर्ट झाला तर आग लागू शकते.